लेझरने पाडलेले सरी-वरंबे

प्रश्न : सर, एमएस्सीच्या सेमिनारमध्ये ऐकलं की अझो पॉलिमरच्या फिल्मवर लेझरचा पॅटर्न टाकला की पृष्ठभागावर आपोआप रेघा उठतात, केमिकलने धुवायचीही गरज नाही. पण लेझरने प्लास्टिक वितळतच असणार ना, मग त्यात विशेष काय?

उत्तर : शंका रास्त आहे, पण वितळत नाही, आणि गंमत तिथेच आहे. 1995 मध्ये कॅनडात किंग्स्टनला नातानसोन आणि रोशाँ या संशोधकांनी आणि अमेरिकेत लोवेलला सुकांत त्रिपाठींच्या ग्रुपने हे जवळपास एकाच वेळी दाखवलं. अझो पॉलिमर म्हणजे ज्याच्या साखळीला अझोबेंझिन हे रंगद्रव्य जोडलंय असं प्लास्टिक. अझोबेंझिन म्हणजे दोन बेंझिन कड्या आणि मधे दोन नायट्रोजन, निळा-हिरवा उजेड पडला की हा सरळ रेणू वाकतो, परत सरळ होतो, परत वाकतो, आणि हे सतत चालू राहिलं की त्याला जोडलेली पॉलिमरची साखळी चक्क जागा सोडून सरकते, बहुतेक वेळा उजेडाकडून अंधाराकडे. शेतात सरी पाडताना माती बाजूला जाऊन वरंबा होतो ना, अगदी तसं. लेझरचे दोन बीम एकाच जागी टाकले की ते एकमेकांत मिसळून पट्ट्यांचा पॅटर्न होतो; 488 नॅनोमीटरचे दोन बीम फिल्मच्या लंबापासून दोन बाजूंना प्रत्येकी 15 अंश तिरके टाकले तर दोन वरंब्यांमधलं अंतर साधारण 0.94 मायक्रॉन येतं.

आता तुमच्या उष्णतेच्या मुद्द्याचं बघा. दोन्ही बीम एस-पोलराइज्ड ठेवले, म्हणजे दोघांतल्या प्रकाशलहरींचं कंपन (पोलरायझेशन) सरींना समांतर अशा एकाच दिशेत ठेवलं, तर उजेड-अंधाराचे पट्टे एकदम ठळक पडतात, तरी सरी मात्र उथळच राहतात. उलट एका बीमचं पोलरायझेशन उजवं वर्तुळाकार, म्हणजे कंपनाची दिशा गोल फिरत राहणारं, आणि दुसऱ्याचं डावं केलं तर फिल्मवर सगळीकडे उजेड जवळजवळ सारखाच असतो, फक्त पोलरायझेशनची दिशा बदलत जाते, आणि तरी सरी खोल पडतात! नुसत्या उष्णतेचं काम असतं तर निकाल बरोबर उलटा आला असता. नेमकं बल कुठून येतं यावर वाद अजून मिटलेला नाही, तुम्हाला प्रोजेक्टसाठी विषय हवा असेल तर हा जरूर घ्या.

आणि प्रयोग करताना एक लाल हीलियम-निऑन बीम फिल्ममधून भिंतीवर सोडून ठेवा, अझोचं रंगद्रव्य लाल उजेड फारसा शोषत नाही म्हणून फिल्मला धक्का लागत नाही. सुरुवातीला भिंतीवर एकच ठिपका दिसतो, मग हळूहळू बाजूला दुसरा उजळायला लागतो, म्हणजे सरी पडतायत. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा अर्धा तास जागचा हललो नव्हतो. नंतर ती नारिंगी फिल्म असलेली काचेची स्लाइड हॉटप्लेटवर ठेवून पॉलिमर मऊ होण्याच्या तापमानापलीकडे नेली की सगळं सपाट होतं, मग पुन्हा वापरा.