वाचकांचे प्रश्न : घरी बनवलेले बिनतारी हेडफोन

प्रश्न : टीव्हीच्या हेडफोन जॅकला एका ट्रान्झिस्टरचा छोटा एफएम ट्रान्समीटर जोडला, खिशातल्या एफएम रेडिओचा बोर्ड जुन्या हेडफोनच्या कपात बसवला आणि मधली लांब वायर कापून टाकली. आवाज येतो, परंतु ट्रान्समीटरजवळून कोणी गेले की स्टेशन सरकते, मोठ्या आवाजात संवाद फाटतात आणि शेजारच्या खोलीत नुसती खरखर ऐकू येते. ट्रान्समीटरची शक्ती वाढवावी काय?

उत्तर : मुळीच वाढवू नये. खरखरीचे कारण आपण कापलेल्या वायरीत आहे. खिशातल्या रेडिओला वेगळी अँटेना नसते. इअरफोनची वायरच ते काम करते. १०० मेगाहर्ट्झला तरंगलांबी ३ मीटर असते आणि तिचा चौथा भाग, म्हणजे ७५ सेंटिमीटर, ही सोयीची लांबी होय. बोर्डावर इअरफोन जॅकची जी टोके अँटेना म्हणून वापरलेली असतात, त्यांपैकी सामाईक (दोन्ही कानांना समान असलेल्या) टोकाला तेवढी बारीक प्लास्टिक वेष्टित वायर सोल्डर करून ती हेडफोनच्या पट्टीवरून फिरवावी. पट्टी धातूची असल्यास वायर तिच्यापासून थोडी दूर ठेवावी, आणि गुंडाळी करून कपात कोंबू तर नयेच.

स्टेशन सरकण्याचा दोष एका ट्रान्झिस्टरच्या मंडलात जन्मजात असतो. ६ मिलिमीटर व्यासाची, पाच वेढ्यांची कॉइल आणि सुमारे २५ पिकोफॅरडचा ट्रिमर (फिरवून कमीजास्त करता येणारा कपॅसिटर; पिकोफॅरड हे कपॅसिटरचे माप) यांच्या जोडीतून १०० मेगाहर्ट्झच्या आसपासची वारंवारता मिळते. माणूस जवळ आल्याने त्यात अर्धा पिकोफॅरड जरी वाढला, तरी स्टेशन जवळजवळ १ मेगाहर्ट्झ खाली घसरते, आणि रेडिओ ते हरवून बसतो. म्हणून मंडल धातूच्या डबीत ठेवून डबी ऋण टोकाला जोडावी, अँटेना कॉइलच्या कलेक्टरकडील (कलेक्टर म्हणजे ट्रान्झिस्टरच्या तीन पायांपैकी एक) टोकाऐवजी पुरवठ्याकडील पहिल्या वेढ्यावरून घ्यावी, पुरवठा स्थिर व्होल्टेजचा द्यावा आणि स्टेशन जुळल्यावर कॉइलवर मेणाचा थेंब सोडावा. ट्रिमर फिरवण्यास प्लास्टिकचाच स्क्रूड्रायव्हर वापरावा, कारण लोखंडी पाते दूर करताच जुळवलेले स्टेशन पुन्हा हलते. एवढे करूनही समाधान न झाल्यास क्रिस्टलवर (वारंवारता स्थिर राखणाऱ्या स्फटिकावर) चालणारे तयार ट्रान्समीटर मॉड्यूल घ्यावे. हौसेखातर कॉइल गुंडाळणे निराळे आणि रोज संध्याकाळी बातम्या ऐकणे निराळे.

संवाद फाटण्याचे कारण असे की एफएममध्ये आवाज जितका मोठा, तितकी वारंवारता अधिक झुलते. प्रक्षेपण केंद्रे हा झोल ७५ किलोहर्ट्झच्या आत ठेवतात; हेडफोन जॅकचा जोरदार संदेश थेट दिल्यास तो ही मर्यादा सहज ओलांडतो. डाव्या आणि उजव्या वाहिनीत प्रत्येकी ४.७ किलोओहमचा रोधक घालून त्या एकत्र कराव्यात (दोन्ही तारा थेट जोडल्यास दोन अॅम्प्लिफायर एकमेकांवर भार टाकतात) आणि पुढे १० किलोओहमच्या व्हॉल्यूम कंट्रोलने पातळी उतरवावी.

शक्तीबाबत कायदाही कडक आहे. युरोपात अशा घरगुती एफएम ट्रान्समीटरला ५० नॅनोवॉट, तर अमेरिकेत ३ मीटरवर २५० मायक्रोव्होल्ट प्रतिमीटर एवढीच मुभा आहे. आपल्याकडील नियम काम सुरू करण्यापूर्वीच पाहून घ्यावा. ट्रान्समीटरसाठी रिकामी जागा एफएम वारंवारतांच्या पट्ट्याच्या वरच्या टोकाशी मात्र शोधू नये, कारण १०८ मेगाहर्ट्झच्या लगेच वर विमानवाहतुकीच्या वारंवारता सुरू होतात आणि कॉइलचे वेढे जरा ताणले गेले तरी ट्रान्समीटर तिकडे सरकतो.

प्रश्न : ब्लूटूथ असताना हा खटाटोप कशासाठी?

उत्तर : साध्या ब्लूटूथमध्ये आवाज आकुंचित करून, साठवून मग पाठवला जातो. त्यामुळे अनेकदा सेकंदाच्या दहाव्या ते पाचव्या भागाएवढा उशीर होतो आणि ओठ आधी हलून शब्द मागून येतात. एफएममध्ये असा उशीर जाणवत नाही. शिवाय एकाच ट्रान्समीटरवर कितीही जण ऐकू शकतात. अर्थात त्या टप्प्यातला शेजारीही आपला रेडिओ तेथे लावून ऐकू शकतो, म्हणून खासगी संभाषणासाठी ही व्यवस्था वापरू नये.