रोलिंग मिल दिवाळखोरीत. थकलेल्या पगाराचे काय?

प्रश्न : जालन्याच्या एमआयडीसीतील रोलिंग मिलमध्ये मी नऊ वर्षांपासून फिटर आहे. सहा महिन्यांचा पगार थकला म्हणून आम्ही कामगार न्यायालयात गेलो. आता कंपनी एनसीएलटीत (राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात) गेल्याने ते प्रकरण थांबले आहे. मिल अजून चालू आहे. ‘निकाल लागला की पैसे आपोआप मिळतील’, असे मॅनेजर सांगतात आणि हिशेब मिटल्याच्या कागदावर सही मागतात. काय करावे?

उत्तर : त्या कागदावर सही करू नका आणि पैसे आपोआप मिळतील या भरवशावर तर मुळीच राहू नका. नादारी व दिवाळखोरी संहिता, २०१६ नुसार एनसीएलटीने अर्ज दाखल करून घेतला की कलम १४ खाली कंपनीविरुद्धचे दावे स्थगित होतात. म्हणजे तुमचे प्रकरण फेटाळले गेलेले नाही. परंतु आज तुमच्या मागणीची जागा न्यायालयात नसून, कंपनीचा कारभार हाती घेतलेल्या अंतरिम रिझोल्युशन प्रोफेशनलकडे आहे. त्यांची जाहीर सूचना वर्तमानपत्रात आलेली असेल. तीत दाव्यासाठी दिलेली मुदत त्यांच्या नियुक्तीपासून १४ दिवसांची असते. त्या मुदतीत ‘फॉर्म डी’ भरून द्या. त्यासाठी शुल्क नाही, आणि तो ईमेलने, टपालाने किंवा प्रत्यक्ष देता येतो. मुदत उलटली असली तरी दावा तातडीने पाठवा, कारण उशिरा आलेले दावेही ठरावीक टप्प्यापर्यंत घेतले जातात.

घाई करण्याचे कारण गंभीर आहे. नवा खरेदीदार येऊन त्याची योजना एकदा मंजूर झाली की तिच्यात समाविष्ट नसलेली जुनी देणी संपुष्टात येतात, असे सर्वोच्च न्यायालयाने घनश्याम मिश्रा प्रकरणात २०२१ साली स्पष्ट केले आहे. गरीब कामगाराचा दावा राहून गेला म्हणून कायदा नंतर थांबत नाही, याचे मला फार वाईट वाटते.

अर्जाला नियुक्तिपत्र, पगाराच्या पावत्या, पगार जमा होत असलेल्या बँक खात्याचा उतारा आणि कामगार न्यायालयातील अर्जाची प्रत जोडा. नियुक्तिपत्र नसेल, तर गेटपास, ईएसआय कार्ड आणि भविष्य निर्वाह निधीचे पासबुक यांवरून नोकरी दाखवता येते. सर्वांनी मिळून प्रतिनिधीमार्फत ‘फॉर्म ई’ देण्याचीही सोय आहे.

कंपनी विकून देणी भागवायची वेळ आली, तर कलम ५३ प्रमाणे प्रक्रियेचा खर्च वजा जाता कामगारांची २४ महिन्यांची थकबाकी, तारण सोडून दिलेल्या बँकांच्या बरोबरीने, वाटपात येते. फिटर असल्याने तुम्ही ‘कामगार’ या व्याख्येत बसता. त्या व्याख्येबाहेरच्या, मुख्यत्वे व्यवस्थापकीय कर्मचाऱ्यांना फक्त १२ महिन्यांची आणि खालच्या क्रमाची जागा आहे. मात्र हे २४ महिने परिसमापनाच्या, म्हणजे कंपनी मोडीत काढण्याच्या, आदेशापासून मागे मोजले जातात, त्यामुळे प्रक्रिया लांबली तर जुन्या महिन्यांचे प्राधान्य निसटू शकते. भविष्य निर्वाह निधी व ग्रॅच्युइटी निधीची रक्कम या वाटपाच्या मालमत्तेत धरली जात नाही. म्हणून ग्रॅच्युइटीचा आकडा दाव्यात वेगळा लिहा आणि पासबुकात कंपनीचा हिस्सा जमा नसेल तर भविष्य निर्वाह निधी कार्यालयात लेखी तक्रार करा.

मिल चालू आहे तोवर कामावर जा, आणि रोजच्या हजेरीची नोंद स्वतःजवळ ठेवा. प्रक्रिया सुरू झाल्यानंतरच्या ज्या दिवशी तुम्ही प्रत्यक्ष काम केले, त्या दिवसांचा पगार प्रक्रियेच्या खर्चात, म्हणजे सर्वांच्या आधी मिळणाऱ्या रकमेत धरला जातो, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०२२ चा निर्णय आहे. ही रक्कम ‘फॉर्म डी’मधील जुन्या थकबाकीत मिसळू नका, तिची मागणी रिझोल्युशन प्रोफेशनलकडे स्वतंत्र पत्राने, पोच घेऊन करा.