रेस पुढे ढकलली, आता काय?

रामबाग, इंदूर

प्रिय बेटा,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तुझा आवाज अगदी पडला होता. गाडी तयार, तिकीट काढलेलं, आणि ऐन वेळी निरोप की चेन्नईतल्या पावसामुळे ड्रॅग रेसची फेरी पुढे ढकलली, तारीख मागाहून कळवू. तू विचारलंस, "काका, आता मी करू तरी काय?" फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहितोय.

पाऊस पडला की रेस थांबते, याचा राग आधी मनातून काढून टाक. सर्किटच्या रेसमध्ये ओल्या रस्त्यासाठी वेगळे टायर असतात, वळणावर वेग कमी करता येतो. आपल्या ड्रॅग रेसमध्ये दोन गाड्या शेजारशेजारच्या लेनमधून उभ्यानेच सुटतात आणि सरळ 402 मीटर पळतात, त्यामुळे उभ्या गाडीची सगळी ताकद एका मागच्या चाकावर एकदम येते. स्लिक टायरला खाचा नसतात, त्यामुळे खालचं पाणी बाहेर पडायला वाटच नाही. स्टार्ट लाइन कोरडी दिसली की रायडर ओरडायला लागतात, "सुरू करा ना!" पण आयोजकांना पाहायचा असतो 402 मीटरच्या पुढचा भाग, जिथे तू पूर्ण वेगात ब्रेक दाबणार. तिथे एक ओलसर पट्टा राहिला तरी पुरे. शिवाय दोन्ही लेन सारख्या वाळायला हव्यात. एक कोरडी आणि एक दमट असेल तर निकाल लेन ठरवायच्या चिठ्ठीतच लागला म्हणायचा. जो अधिकारी घाई करत नाही, त्याचे आभार मान.

तारखांचं गणित मात्र आपल्या हातात आहे, आणि ते तू अजून केलेलं नाहीस. आपल्याकडे माळव्यात पाऊस जूनच्या मध्यानंतर येतो आणि सप्टेंबर संपता संपता जातो. म्हणून आपल्याला वाटतं, दिवाळीच्या आसपास सगळीकडे आभाळ मोकळं. चेन्नईचा मोठा पाऊस नेमका तेव्हाच असतो, ऑक्टोबर ते डिसेंबर, ईशान्य मोसमी वाऱ्यांचा. 2023 मध्ये चेन्नईच्या रस्त्यांवरची फॉर्म्युला 4 ची रेस 9 आणि 10 डिसेंबरला ठरली होती. मिचाँग चक्रीवादळ आलं, शहर पाण्याखाली गेलं आणि रेस पुढे गेली ती थेट 2024 च्या ऑगस्टअखेरीस. तेव्हाही पहिल्या दिवशी पावसाने वेळापत्रक विस्कटलंच. एवढा पैसा आणि एवढी यंत्रणा असलेल्यांची ही गत, तर आपल्यासारख्या हौशी रायडरांनी चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर नोव्हेंबरमध्ये जाताना एक दिवस जास्तीचा धरूनच निघायला हवं. इकडेही हिवाळ्यात मावठा येतो, मार्च-एप्रिलमध्ये गारपीट होते. कॅलेंडर समोर ठेव आणि प्रत्येक फेरीपुढे त्या गावचा पाऊस लिही. कॉलेजच्या परीक्षाही त्याच पानावर लिही, म्हणजे आईशी दर वेळी नव्याने वाद घालावा लागणार नाही.

एंट्री फी भरण्याआधी त्या फेरीचे पूरक नियम, म्हणजे आयोजक त्या फेरीपुरते काढतात ते, वाच. सगळे वर्ग आणि तांत्रिक नियमांची पानं वाचतात, पुढे ढकलण्याचं कलम कोणी वाचत नाही. राखीव दिवस आहे का? अर्धवट राहिलेली फेरी तिथूनच पुढे सुरू होणार की पुन्हा पहिल्यापासून? पात्रता फेरीत नोंदलेली वेळ ग्राह्य धरणार का? फी परत की पुढच्या तारखेला वळती? उत्तर सापडलं नाही तर लेखी विचार. आणि गाडी रेल्वे पार्सलने पाठवणार असशील तर तारीख पक्की झाल्यावरच टाकी रिकामी करून बुक कर. एकदा गाडी तिकडे जाऊन पडली आणि रेस पुढे गेली, की पार्सल ऑफिसात व्हार्फेज, म्हणजे माल पडून राहिल्याचं भाडं, चढत राहतं.

आता मैदानावर, पॅडॉकमध्ये, म्हणजे गाड्या तयार करायच्या जागेत बसून पाऊस थांबायची वाट पाहायची वेळ येते, त्याबद्दल. माझ्या मते निम्मी रेस इथेच हरली जाते.

तुझ्या यामाहा आरएक्स 135 चा कार्ब्युरेटर इंदूरच्या हवेवर लावलेला आहे. आपण समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर राहतो, इथली हवा तिकडच्यापेक्षा पाच-सहा टक्के विरळ. चेन्नईला तेच जेट, म्हणजे कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल मोजून सोडणारं छिद्र, ठेवलंस तर मिश्रण पातळ होणार, हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडणार. त्यात पावसाने तापमान आठ-दहा अंश उतरलं की हवा आणखी घट्ट होते. दुपारी गरम हवेत जे जेट बरोबर होतं, ते संध्याकाळी कमी पडतं, आणि टू-स्ट्रोकमध्ये पातळ मिश्रण म्हणजे पिस्टन सीझ, तापून जागीच जाम. म्हणून जास्त पेट्रोल सोडणारे, मोठ्या नंबरचे एक-दोन मेन जेट डब्यात हवेतच. थांबून झाल्यावरची पहिली रन संपली की स्पार्क प्लग काढून बघ. टोक फिक्या तपकिरी रंगाचं असेल तर ठीक. पांढुरकं दिसलं तर पुढच्या रनला जाऊ नकोस, आधी जेट बदल. काळं, काजळी धरलेलं असेल तर गाडी मंद पळेल, पण इंजिन वाचेल. दोन्हीतलं एक निवडायचंच झालं तर काळा प्लग निवड.

टायरची हवा पुन्हा मोज. दहा अंश उतार म्हणजे तिशीच्या प्रेशरला सुमारे दीड पीएसआय कमी. ट्रॅकही गार झालेला असतो, सकाळी मिळालेली पकड मिळणार नाही. क्लच सोडताना आरपीएम थोडे कमी ठेव. रात्री रेस लांबली तर पेट्रोलच्या टाकीवर उघडा तळवा ठेवून बघत जा. पत्रा दमट लागला की दव पडायला सुरुवात झाली, आणि तेच दव स्टार्ट लाइनवरही बसतंय. आकाश स्वच्छ असलं तरी. असं जाणवलं तर मार्शलला, म्हणजे ट्रॅकवरच्या अधिकाऱ्याला जाऊन सांग, लाजू नकोस.

विजेच्या बाबतीत मात्र अजिबात चर्चा नको. चमक आणि गडगडाट यांत तीस सेकंदांपेक्षा कमी अंतर असेल तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. तंबूचे लोखंडी खांब सोड, झाडाखाली जाऊ नकोस, बंद मोटारीत जाऊन बस. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर यायचं नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं दामिनी ॲप फोनमध्ये घालून ठेव.

स्वतःला कसं ठेवायचं, तेही सांगतो. लेदर सूट कमरेपर्यंत उतरव, हेल्मेट काढ, थोडं थोडं खा. दर दहा मिनिटांनी "कधी सुरू होणार?" विचारत फिरणारे मुलगे दिसतील, त्यांच्यात जाऊ नकोस. थकलेला, चिडलेला रायडर एक तर हिरव्या दिव्यावर उशिरा निघतो, नाहीतर आधीच सुटून लाल दिवा खातो, म्हणजे बाद होतो. गाडीची 402 मीटरची वेळ पुढचं चाक हलल्यापासून मोजतात, पण शेजारच्या लेनमधला तुझ्या निघण्याची वाट बघत थांबत नाही. सुरू व्हायची घोषणा झाली की पाच मिनिटं कोणाशी बोलू नकोस, फक्त हिरव्याआधी लागणारे पिवळे दिवे डोळ्यांसमोर आण.

आणि एक गोष्ट, जिच्यासाठी खरं तर हे पत्र लिहायला बसलो. रेस पुढे गेली की मुलांच्या अंगात साठलेलं काहीतरी बाहेर यायला बघतं. कोणीतरी म्हणेल, "चल भिया, सुपर कॉरिडॉर रिकामा आहे रात्री." तू जायचं नाहीस. पिथमपूरला 11.3 किलोमीटरचा एवढा मोठा हायस्पीड ट्रॅक आपल्या उशाशी आहे, पण तो वाहनचाचणीसाठी बांधलेला. मनात आलं आणि गाडी घेऊन गेलो, असं तिथे चालत नाही. ही अडचण मला मान्य आहे, आपल्या मुलांना सरावाला जागा नाही याचं मला फार वाईट वाटतं. तरीही रस्ता हे त्याचं उत्तर नाही. तिथे समोरून दूधवाला येतो, कुत्रं आडवं येतं, पुढे ब्रेकिंगचा मोकळा पट्टा नसतो, रुग्णवाहिका उभी नसते. मोटार वाहन कायद्याचं कलम 189 आहे, त्यात तुरुंगवास आहे, दंड आहे. पण मला कायद्यापेक्षा तुझी काळजी आहे. ज्या रात्री हात शिवशिवतील, त्या रात्री मला फोन कर. कितीही वाजले असले तरी उचलेन.

नवी तारीख येईपर्यंत क्लच प्लेट बदलून घेऊ. रविवारी सकाळी गाडी घेऊन ये, कार्ब्युरेटर खोलू आणि तुझ्या हातून जेट बदलायचा सराव करू, पॅडॉकमध्ये टॉर्चच्या उजेडात जमलं पाहिजे. येताना जुने प्लग फेकू नकोस, सगळे घेऊन ये. आणि त्या फेरीचे पूरक नियम छापून आण, पुढे ढकलण्याचं कलम आपण दोघं मिळून वाचू.

तुझा,
काका