पन्नास-साठच्या दशकातलं तीन अंकी कौटुंबिक नाटक आज नाशिकमध्ये करायचं, तर किती कापावं?

कापा, पण तिसऱ्या अंकाला हात लावू नका. कात्री पहिल्या अंकावर चालवा. तिथे नोकर नाहीतर शेजारी येऊन घराची सगळी हकिकत सांगतो, तेवढं गेलं तरी अर्धा तास सहज वाचतो. दोन अंकांत बसवा, मध्यंतर एकच.

भाषा मात्र आजची करू नका. ‘तार आली’च्या जागी ‘मेसेज आला’ केलंत की सगळं ओम् फस्स. तार हातात आहे, कुणी फोडत नाही, या दहा सेकंदांवर पूर्वी अख्खा प्रवेश उभा राहायचा.

नाटक शोधताय तर गावातलंच घ्या. वसंत कानेटकर इथेच एचपीटी कॉलेजात शिकवायचे. त्यांचं ‘वेड्याचं घर उन्हात’ १९५७चं, आणि घरातल्या माणसाचं मन ढासळणं आजही जुनं वाटत नाही.

लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क वारसांकडे असतात, त्यामुळे काटछाटीची परवानगी आधी लेखी घ्या. तीच कापलेली संहिता परिनिरीक्षण मंडळाकडे, म्हणजे नाटकांच्या सेन्सॉरकडे, पाठवा.

आणि पहिला प्रयोग थेट कालिदास कलामंदिरात नको. परशुराम सायखेडकर नाट्यगृहात करा. लोक कुठे चुळबुळतात ते तिथे विंगेतूनही कळतं.