नव्वदला थरथर, शंभरला गप्प: नव्या पिकअपमध्ये आधी काय तपासायचं

तुमची पोस्ट दोनदा वाचली. नवी डबल कॅब, जेमतेम अडीच हजार किलोमीटर चाललेली, ताशी ८५ किलोमीटरपासून सीटखाली थरथर, ९० ला जोरात, १०० च्या आसपास जवळजवळ गायब, शोरूमवाल्यांनी दोनदा अलाइनमेंट-बॅलन्सिंग करून दिलं आणि आता म्हणतायत "सर, पिकअप है, इतना तो रहेगा". मी याच चक्रातून गेलोय. इंदूरच्या सियागंजात आमचं दुकान, मालाच्या पिकअप वडलांच्या काळापासून दारात, आणि तीन वर्षांपूर्वी मी हौसेने डबल कॅब घेतली तर तिलाही हेच दुखणं निघालं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी अलाइनमेंटचे पैसे देणं बंद करा. अलाइनमेंट बिघडली की गाडी एका बाजूला ओढते, टायर एका कडेने झिजतात, पण ठराविक स्पीडला सीट थरथरवणं हे तिचं काम नाही. मशीन दारातच असतं, हिरव्या आकड्यांची प्रिंट हातात देता येते, म्हणून सगळे आधी तेच करतात.

ठराविक स्पीडलाच का, हे कळायला घरातलं वॉशिंग मशीन बघा. ओली चादर एका बाजूला गोळा झालेली असली की ड्रायर सुरू होताना मशीन थयथय नाचतं, पण एकदा पूर्ण स्पीड घेतला की गप्प फिरतं. चादर तिथेच असते, फक्त नाचायची वेळ निघून गेलेली असते. तसंच तुमचं १०० ला बरं वाटतं म्हणजे दोष गेला असं नाही. काहीतरी फिरणारं कमीजास्त आहे आणि ९० ला त्याचा ठेका गाडीच्या सस्पेन्शनच्या किंवा चेसिसच्या ठेक्याशी जुळतो, एवढंच.

मग फिरतंय काय काय? चाकं, प्रोपेलर शाफ्ट (गियरबॉक्सपासून मागच्या अ‍ॅक्सलपर्यंत फिरणारा लांब दांडा) आणि इंजिन. तुमचे टायर २६५/६० आर १८ आहेत, असा टायर एका फेऱ्यात साधारण २.४ मीटर जातो, ९० चा स्पीड म्हणजे सेकंदाला २५ मीटर, म्हणजे चाक सेकंदाला दहाच्या जरा वर फेरे मारतं. मागच्या डिफरन्शियलचं (मागच्या अ‍ॅक्सलमधल्या गियरांचं) गुणोत्तर ४ च्या आसपास, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे चार, धरलं तर शाफ्ट सेकंदाला चाळीस-एक्केचाळीस. इंजिन १८०० आरपीएमवर असेल तर सेकंदाला ३० फेरे, आणि चार सिलिंडरचं म्हणून धक्के ६०. चाक १०, शाफ्ट ४०, इंजिन ६०, हे तीन आकडे कागदावर लिहून ठेवा. फोनमध्ये व्हायब्रेशन मोजायचं फुकट अ‍ॅप मिळतं, फोन दोन सीटच्या मधल्या कन्सोलवर घट्ट चिकटवा (हातात धरू नका) आणि बघा शिखर कुठे येतं, १० ला, ४० ला की ६० ला. अ‍ॅप नको असेल तर कपहोल्डरमध्ये अर्धी भरलेली पाण्याची बाटली ठेवा. चाकाची खोड असेल तर पाणी हेलकावे खातं. माझ्या गाडीत पाणी हलत नव्हतं, त्यावर नुसत्या बारीक बारीक रेघा उमटायच्या आणि आतल्या आरशात मागचा ट्रक धूसर व्हायचा. ती शाफ्टची खूण होती, मला तेव्हा कळलं नाही ते सोडा.

टेस्ट सकाळी सहाला बायपासवर मांगलियाच्या बाजूला घ्या, रविवार असेल तर उत्तम, पोहे-जिलबी येताना खा. आधी वीस किलोमीटर तरी चालवा, कारण रात्रभर उभ्या गाडीच्या टायरला खाली सपाट डाग पडतो आणि टायर गरम झाला की तो जातो, थंड गाडीची तक्रार धरायची नाही. मग ९० ला धरा आणि एक गियर खाली घ्या. स्पीड तोच पण आरपीएम वाढला, तरी थरथर तशीच राहिली तर इंजिन निर्दोष. मग सरळ मोकळ्या रस्त्यावर ९५ वरून क्षणभर न्यूट्रल करून ८५ पर्यंत येऊ द्या (इंजिन बंद करायचं नाही, आणि ऑटोमॅटिक असेल तर हे राहू द्या, पाय उचलूनच बघा). न्यूट्रलमध्येही थरथर राहिली तर चाक किंवा शाफ्ट. फक्त अ‍ॅक्सिलरेटर दाबताना येते आणि पाय काढला की जाते असं असेल तर शाफ्टचे क्रॉस (त्याचे वळणारे सांधे), त्याला मध्ये धरणारं सेंटर बेअरिंग किंवा मागच्या अ‍ॅक्सलच्या नाकाचा, म्हणजे शाफ्ट जिथे जोडतो त्या टोकाचा, कोन. नुसती ब्रेक मारताना येत असेल तर तो डिस्कचा विषय, तो वेगळा.

स्टेअरिंग हातात नाचत असेल तर पुढची चाकं, बुडाखाली जाणवत असेल तर मागची चाकं किंवा शाफ्ट, हे ढोबळमानाने खरं. तुमचं बुडाखाली आहे. म्हणून पुढची दोन्ही चाकं मागे आणि मागची पुढे टाका, फुकटात होतं. थरथर स्टेअरिंगमध्ये आली तर टायर सापडला. जागची हलली नाही तर टायर निर्दोष, निदान मुख्य गुन्हेगार नाही.

टायरमध्ये दोन गोष्टी शोरूमवाले बघत नाहीत. एक हवा. कंपनीतून येताना टायरमध्ये हवा जास्त भरलेली असते आणि डिलिव्हरीच्या घाईत ती कमी करायची राहते, माझ्या मीटरवर ४४ पीएसआय निघाली होती, दारावरच्या स्टिकरवर जेवढी लिहिलीय तेवढी थंड टायरमध्ये करा. दुसरी म्हणजे गोलाई. बॅलन्सिंग मशीन शून्य दाखवतं म्हणजे टायर गोल आहे असं नाही, अहो, वजनं लावून अंडंसुद्धा बॅलन्स करता येईल. नवी गाडी यार्डात महिनोन्‌महिने एकाच जागी उभी असेल तर सपाट डाग कायमचाही होतो. गाडी सपाट जागी घ्या, बाकीच्या चाकांना दगड लावा, एक चाक जॅकवर उचला, जॅकच्या भरवशावर न राहता खाली स्टँड द्या, टायरच्या नक्षीजवळ विटेवर स्क्रूड्रायव्हर टेकवून ठेवा आणि चाक हाताने हळू फिरवा. फट दीड मिलीमीटरच्या वर कमीजास्त होत असेल तर तो टायर वॉरंटीत मागा. आणि फोर बाय फोर असेल तर कोरड्या डांबरावर फोर-हायमध्ये (चारही चाकांना ताकद देऊन) टेस्ट करू नका, एकाने इथे केली होती.

आता माझं काय निघालं ते. चाकं बदलून बघितली, काही फरक नाही. गियर बदलला, काही नाही. अ‍ॅपवर ४० ला शिखर. शोरूमने तोवर पाचव्यांदा बॅलन्सिंग केलेलं. शेवटी ट्रान्सपोर्ट नगरात एका म्हाताऱ्या शाफ्टवाल्याकडे गेलो. त्याने गाडी खड्ड्यावर घेतली, टॉर्च मारली, शाफ्टवरून बोट फिरवलं आणि काळंकुट्ट बोट माझ्यासमोर धरलं. "भिया, ये किसने पोता?" डिलिव्हरीच्या वेळी मला 'फ्री' म्हणून अंडरबॉडी कोटिंग मारून दिलं होतं, मी तर खूश होतो, आणि मारणाऱ्याने शाफ्टवर काही झाकलंच नव्हतं. एका बाजूला पंजाएवढा, भाकरीइतका जाड रबरी थर साचून वाळलेला, दुसरी बाजू जवळजवळ कोरी. कारखान्यात शाफ्ट बॅलन्स करताना पत्र्याचा लहानसा तुकडा वेल्ड करतात, तोही त्याखाली बुजलेला. एवढासा थर, पण सेकंदाला चाळीस फेरे. त्याने रॉकेलचा बोळा आणि बोथट पत्ती घेऊन तासभर खरवडलं, वेल्ड केलेल्या तुकड्याला हात न लावता, आणि ऐंशी टक्के थरथर तिथेच संपली. उरलेली एका टायरची निघाली. म्हणून तुम्हाला कोटिंग मारून दिलंय का, हे आधी बघा, टॉर्च घेऊन खाली वाकायला पैसे लागत नाहीत. चाकांच्या आतल्या बाजूला वाळलेला चिखलही बघून घ्या.

"इतना तो रहेगा" हे अगदीच खोटं नाही, तेही सांगतो. पिकअपची चेसिस लांब, मागे पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) मालासाठी कडक, डाला (मागचा माल ठेवायचा हौदा) रिकामा, त्यामुळे कारपेक्षा जास्त थरथर येतेच. त्यासाठी डाल्यात मागच्या अ‍ॅक्सलच्या वर सगळ्या मिळून दोनशे किलोच्या गोण्या बांधा आणि पुन्हा ९० ला जा. बऱ्यापैकी कमी झाली तर थोडी गाडीच्या जातीची आहे. पण तुमची ८५ ते ९५ मध्येच येते आणि तीही मोठी, त्यामुळे मला हे पटत नाही.

परत शोरूमला जाल तेव्हा सर्विस अ‍ॅडव्हायझरला शेजारी बसवून बायपासवर न्या आणि जॉब कार्डवर नुसतं 'व्हायब्रेशन' लिहू देऊ नका. '८५ ते ९५, टायर गरम, न्यूट्रलमध्येही, चाकं पुढेमागे करूनही' असं लिहून घ्या आणि प्रत जपून ठेवा. शाफ्ट खोलायची वेळ आलीच तर खोलण्याआधी दोन्ही तुकड्यांवर आणि फ्लँजवर (जोडाच्या चकतीवर) पांढऱ्या रंगाच्या खुणा करायला सांगा, परत बसवताना एक दाता जरी चुकला तरी नवी थरथर घेऊन घरी याल. टेस्ट झाली की तीनपैकी कोणत्या आकड्यावर शिखर आलं ते इथे टाका.