रात्री सायकलला कोणते लाइट लावावेत? रंगीत माळा लावल्या तर हसं होईल का?

हसं होईल. माझं झालंय. तरीही लावा.

तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग वाचला आणि आमचे दाजी डोळ्यांपुढं उभे राहिले, म्हणून लिहायला बसलो.

मी मिरजेचा, कामाला कुपवाड एमआयडीसीत. सेकंड शिफ्ट रात्री अकराला सुटते. सायकलला पुढं पांढरा लाइट, मागं लाल ब्लिंकर, दोन्ही चार्ज केलेले. तरी तीन वर्षांपूर्वी ऐन थंडीत एका बोळातून आलेली मोटरसायकल माझ्या मागच्या चाकावर आदळली. रिम अशी वाकली की चाक फिरेना. माझं मनगट महिनाभर प्लास्टरमध्ये. पोरगा कळवळून म्हणत होता, "काका, दिसलाच नाही हो!" मी त्याला नको नको ते बोललो.

हात बरा झाल्यावर एका रात्री बायकोला सायकल धरून त्याच बोळाच्या तोंडाशी उभं केलं आणि शेजाऱ्याची स्कूटर घेऊन आतून बाहेर आलो. आधी दिसल्या तिच्या बांगड्या. सायकल नंतर, अगदी जवळ गेल्यावर. पोरगा खोटं बोलत नव्हता. पुढचा लाइट पुढं बघतो, मागचा मागं. बाजूनं आपण म्हणजे नुसता अंधार. रिफ्लेक्टर असून उपयोग नाही, कारण तो समोरच्याचा उजेड त्यालाच परत देतो. बोळातून येणाऱ्याचा उजेड तुमच्यावर पडतो तोवर तुम्ही त्याच्या चाकापुढं असता. बाजूनं स्वतःचाच उजेड पाहिजे.

मग दिवाळीची तारेची माळ काढली, तीन पेन्सिल सेलवाली. सेलचा डबा मागच्या हबला केबल टायनं आवळला आणि माळ स्पोकमधून आत-बाहेर ओवत रिमपर्यंत नेली. उभ्या सायकलला ते ध्यान दिसतं, कबूल. पण चाक फिरलं की सुटे दिवे दिसत नाहीत, उजेडाचं अख्खं कडं दिसतं. कडं म्हणजे चाक, एवढं कुणालाही कळतं. ट्रकला मागं लाल आणि बाजूला पिवळी पट्टी असते बघा, त्यातली वीतभर पिवळी रेडियमवाल्याकडून आणून पायडलच्या कडांना चिकटवली. ती मागून येणाऱ्यासाठी. वर-खाली होणारे दोन ठिपके दिसले की माणूस पायडल मारतोय हे लांबूनच समजतं.

आता दाजी. भाचीच्या वाढदिवसाला मी सायकलवर गेलो, तर दारातच सगळ्यांसमोर, "काय मेव्हणं, वरात कुणाची?" वर ऐकवलं, "आमच्या वेळी डायनामो होता, कुणी मेलं नाही." मेलं नाही म्हणायला मोजत कोण होतं? डायनामो आमच्या वडिलांच्या सायकललाही होता. ६ व्होल्ट, ३ वॅट. टायरला घासत घर्र करायचा, पायडल जड व्हायचं, आणि चौकात थांबलं की दिवा गुल. म्हणजे जिथं दिसायला पाहिजे नेमकं तिथंच अंधार. हे मी तेव्हा बोललो नाही, ताई स्वयंपाकघरातून डोळे वटारत होती. इथं बोलतो. ज्या माणसाच्या बुलेटला समोरच्याला आंधळं करणारे दोन जादा एलईडी आहेत, त्यानं माझ्या माळेला हसू नये.

रंगाचं विचारलंत. चाकात कुठलाही चालेल, माझी माळ हिरवी आहे. फक्त पुढं लाल लावू नका. लाल म्हणजे पाठ, समोरचा फसतो. फार भराभर उघडझाप करणारा लाइटही नको, त्यानं अंतराचा अंदाज येत नाही. माळेचं टोक सैल सोडू नका, ब्रेकमध्ये किंवा चेनमध्ये गेलं तर तुम्हीच पडाल. पावसात डब्याला प्लॅस्टिकची पिशवी बांधली तरी माझे सेल दोनदा गंजले. तेव्हा जून ते सप्टेंबर चांगल्यातले वॉटरप्रूफ व्हॉल्व्ह लाइट घ्या, व्हॉल्व्हच्या टोपणाच्या जागी बसतात ते.

आणि एक राहिलं. त्या रात्री बोळाच्या तोंडाशी मीही वेग कमी केला नव्हता. घरी मटण होतं. दाजींना हे माहीत नाही.