छोट्या केमिकल प्लांटचे पी अँड आयडी काढायला सोपं सॉफ्टवेअर कोणतं?

तुमच्या युनिटमध्ये तीन रिअ‍ॅक्टर आहेत, जुनी पी अँड आयडी (पाइप, व्हॉल्व्ह आणि इन्स्ट्रुमेंट दाखवणारी ड्रॉइंग) हाताने काढलेली आहेत, हझॉपसाठी (प्लांटमधले धोके शोधणाऱ्या अभ्यासासाठी) ती नव्याने करायची आहेत आणि ड्राफ्ट्समन नाही, असं तुम्ही लिहिलंय. एवढ्या कामाला मी ड्रॉ डॉट आयओ सुचवेन. व्हॉल्व्हची, इन्स्ट्रुमेंटची यादीही ड्रॉइंगमधूनच निघायला हवी असेल, तर व्हिजिओ.

सॉफ्टवेअर सोपं आहे की नाही हे पहिल्यांदा काढताना कळत नाही, बदल करताना कळतं. आणि हझॉपमध्ये बदल निघणारच: इथे एनआरव्ही (उलटा प्रवाह रोखणारा व्हॉल्व्ह) टाका, तिथे हाय लेव्हल अलार्म द्या. म्हणून पैसे भरण्याआधी एकच लूप काढून बघा. रिअ‍ॅक्टरच्या जॅकेटला जाणारी स्टीम लाइन, तिच्यावर तापमानाचा कंट्रोल व्हॉल्व्ह टीव्ही-१०१, त्याच्या मागेपुढे आयसोलेशन व्हॉल्व्ह, वर बायपास. रिअ‍ॅक्टरवर तापमानाचा ट्रान्समीटर टीटी-१०१ आणि त्याचा कंट्रोलर टीआयसी-१०१. आता रिअ‍ॅक्टर थोडा बाजूला सरकवा. लाइनी त्याच्याबरोबर आल्या का? चालू लाइनवर एक व्हॉल्व्ह टाका, मग तो काढून टाका. लाइन तुटली, पुन्हा जुळली का?

ड्रॉ डॉट आयओ फुकट आहे, त्यात प्रोसेस इंजिनिअरिंगची चिन्हं आहेत, सरकवल्यावर लाइनी चिकटून राहतात. पण याद्या तुम्हालाच एक्सेलमध्ये कराव्या लागतील आणि डीडब्ल्यूजी, म्हणजे ऑटोकॅडची फाइल मिळणार नाही. व्हिजिओमध्ये पी अँड आयडीचं तयार टेम्प्लेट आहे, टॅग (टीव्ही-१०१ सारखे नंबर) देता येतात, याद्यांचे रिपोर्ट निघतात. मात्र स्वस्तातली आवृत्ती घेऊ नका, हे टेम्प्लेट प्रोफेशनल किंवा प्लॅन २ मध्येच येतं.

‘ऑटोकॅड येणारा एखादा मुलगा ठेवा’ असं तुम्हाला बरेच जण सांगतील. साध्या ऑटोकॅडमध्ये लाइन म्हणजे नुसती रेघ. व्हॉल्व्हचा ब्लॉक कोणत्या लाइनवर बसलाय हे ऑटोकॅडला ठाऊक नसतं. ते काम ऑटोकॅड प्लँट थ्रीडीच्या पी अँड आयडी भागात होतं. तिथे व्हॉल्व्ह टाकला की लाइन तुटते, काढला की जुळते, आणि आयएसए, पीआयपी, आयएसओ, डीआयएन अशा मानकांच्या चिन्हांचे संचही तयार मिळतात. पण प्रोजेक्ट सेटअप नीट शिकावा लागतो. तीन रिअ‍ॅक्टरसाठी तो खटाटोप मला जास्त वाटतो. कन्सल्टंट डीडब्ल्यूजीच मागत असेल किंवा प्लांट वाढणार असेल, तर मात्र सरळ तिकडेच जा.

सॉफ्टवेअर कोणतंही घ्या, आधी जुन्या ड्रॉइंगच्या झेरॉक्स आणि लाल पेन घेऊन प्लांटमध्ये लाइनी चालून बघा. सोबत जुना ऑपरेटर घ्या. कोणता ड्रेन नंतर बसवला, कोणती लाइन ब्लाइंड केली (तबकडी टाकून बंद केली), हे त्यालाच माहीत असतं. मग लिजेंड शीट, म्हणजे चिन्हांचा आणि टॅगचा अर्थ सांगणारं पान करा. आयएसए ५.१ हे इन्स्ट्रुमेंटच्या चिन्हांचं मानक धरलंत तर टॅगचं पहिलं अक्षर काय मोजतोय ते सांगतं, पुढची अक्षरं काम सांगतात. साधं वर्तुळ म्हणजे फील्डमधलं इन्स्ट्रुमेंट. मधून अखंड रेघ असेल तर ते कंट्रोल रूममध्ये ऑपरेटरसमोर. तुटक रेघ असेल तर पॅनेलच्या मागे.

कंट्रोल व्हॉल्व्हखाली एफसी (फेल क्लोज्ड) की एफओ (फेल ओपन) हे लिहायचं विसरू नका. व्हॉल्व्ह चालवणारी हवा गेली तर स्टीमचा व्हॉल्व्ह सहसा बंद व्हायला हवा आणि कूलिंग वॉटरचा उघडा राहायला हवा. हे कोणतंही सॉफ्टवेअर तुमच्यासाठी ठरवणार नाही आणि हझॉपमध्ये पहिल्या काही प्रश्नांत हाच असतो. जागेवर बसवलेल्या व्हॉल्व्हची ॲक्शन बघूनच लिहा, अंदाजाने नको.

एक शीट पूर्ण झाली की रिव्हिजन नंबर आणि तारीख टाकून ती ए३ वर छापा. टॅग डोळे ताणून वाचावे लागत असतील तर त्या शीटच्या दोन करा आणि लाइन जिथे दुसऱ्या शीटवर जाते तिथे त्या शीटचा नंबर लिहा.